बाहेरून लागणारी कडी

मित्रांनो, या खिळ्यांच्या डब्यात जरा हात घालून बघा. जपून, टोकं लागतील. अगदी तळाशी वीतभर लांबीचं, गंजलेलं, एका टोकाला वाकलेलं लोखंड हाताला लागेल, ती मी. एके काळी मी दाराची कडी होते. आता मला दार नाही, कोयंडा नाही आणि काही कामही नाही. रिकामपणी माणसं बोलत बसतात, तशी मीही बोलणार आहे. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार कामाला चोख, पण स्वभावाने तिरसट. त्याने मला लालबुंद होईपर्यंत तापवलं, ऐरणीवर ठेवून ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि पुन्हा तापवलं. मी पाण्यात चरचरले की तो म्हणायचा, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, बरं का!" खरं तर टाकी दगडाला लागते, लोखंडाला लागतो हातोडा. पण म्हणी वापरणारे इतका विचार कुठे करतात? पुढे हीच म्हण मी एका घरात शेकडो वेळा ऐकली. तिथे समोर दगडही नसायचा आणि लोखंडही नसायचं, पाच-सहा वर्षांचं लेकरू असायचं.

मला विकत घेतलं एका पॉलिशवाल्याने. लाकडी सामान घासूनपुसून त्याला चकाकी आणायची, हा त्याचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कारखाना, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मधे सामानाची एक लहानशी खोली. तिला खिडकी नव्हती. उरलेल्या फळ्या, पाय मोडलेली स्टुलं, रिकामे डबे असलं काहीबाही तिथे पडलेलं असे. त्या खोलीच्या दारावर, बाहेरच्या अंगाला, मोठ्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर त्याने मला बसवलं. मला ज्यात ओवलं होतं ते कडं फळीतून आरपार ठोकलं आणि त्याची टोकं आतल्या बाजूला वाकवली. त्यामुळे मी बाहेर लोंबत असले तरी माझे पाय आत होते. बाहेरचं मला दिसत असे आणि आतलं ऐकू येत असे.

दार वाऱ्याने आपटू नये, एवढंच माझं पहिलं काम. पण वर्षभरात पॉलिशवाल्याच्या मुलाने गिऱ्हाइकाच्या कपाटाचा आरसा फोडला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याच्या बापाने त्याला दंडाला धरून त्या खोलीत ढकललं, दार ओढलं आणि मला कोयंड्यात अडकवलं. ते माझं दुसरं काम, आणि पुढे तेच मुख्य काम झालं.

त्या काळी पोरांना वळण लावायचे मार्ग पुष्कळ होते. शेजारच्या घरात पट्टा होता, समोरच्यांकडे फुटपट्टी होती, आणि चप्पल तर काय, घरोघरी असतेच. आमचा पॉलिशवाला चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा, "मी पोरावर हात उचलत नाही. अर्धा तास कोंडतो. पोर आपोआप सुतासारखं सरळ होतं." ऐकणारे माना डोलवायचे. एकदोघे तर मला बघायलाही आले होते. मीही फुगून जायची. पट्ट्याने वळ उठतात, फुटपट्टीने बोटं सुजतात, माझ्याने मात्र अंगावर एक ओरखडाही उठत नाही. सगळ्या शिक्षांमध्ये आपणच काय त्या सभ्य, असं मला खरोखर वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

त्या मुलाची आई मायाळू होती. नवरा बाहेर गेला की ती हळूच मला काढायची, पोराच्या तोंडात काहीतरी खाऊ घालायची आणि नवरा यायच्या आत पुन्हा मला लावून ठेवायची. हे एकदा उघडकीला आलं. पॉलिशवाला आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याने बायकोला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने पाठीशी घालायचं, यानेच पोरं शेफारतात. आजपासून या घरात नियम. ज्याने कडी लावली, त्यानेच काढायची. बाकी कोणी हात लावायचा नाही." नियम ऐकायला किती शहाणपणाचा वाटतो! मलाही वाटला होता.

तो मुलगा पहिल्यांदा आत गेला तेव्हा दारावर लाथा मारत होता. नंतर नंतर रडून विनवण्या करायचा. पुढे तेही बंद झालं. दार लागलं की तो एक ते शंभर आकडे मोजायचा, मग पुन्हा एकपासून सुरुवात. आवाज बारीक, पण एकसुरी. बाहेर बाप म्हणायचा, "बघा, कसा शांत झाला."

दिवस गेले. मुलगा मोठा झाला, बापाचाच धंदा करू लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. त्याची आई गेली. म्हातारा पॉलिशवाला आता आजोबा झाला आणि खुर्ची टाकून कारखान्यातच बसू लागला. मुलांच्या वळणाचा विषय निघाला की मुलगा बापासारखंच बोलायचा, "मला नाही का कोंडायचे? काय बिघडलं माझं?" त्याचं काय बिघडलं ते मी रोज पाहत होते. फळी आणायला त्या खोलीत जाताना तो दारात आधी वीट लावायचा, दार लोटलं जाऊ नये म्हणून. चाळिशीच्या, अंगापिंडाने धट्ट्याकट्ट्या माणसाने दाराला वीट का लावावी, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगते. हिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी बोलायला बसले आहे.

तिला सगळे टकळी म्हणत. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची जी टकळी सुरू व्हायची, ती रात्री डोळे मिटेपर्यंत, आणि डोळे मिटल्यावरही थोडी. माणसं कंटाळली की ती स्टुलाशी बोलायची, ब्रशाशी बोलायची, पॉलिशच्या बोळ्याला अंघोळ घालायची. चार वर्षांची असताना तिला पहिल्यांदा कोंडलं, तेव्हा घटकाभर रडून झाल्यावर आतून आवाज आला, "कडे, ए कडे! तू दिवसभर लोंबतेस, तुझे हात नाही का गं दुखत?"

इतक्या वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला मला तोंड असतं तर मी तिला काय काय सांगितलं असतं! त्यानंतर ती आत गेली की माझ्याशीच बोलायची. कोणता खडू हरवला, कोणत्या मुलीने चिमटा काढला, आई का रुसली आहे, सगळं. मला तिची वाट बघायची सवय लागली. कोंडलेल्या पोरीची वाट बघणारी मी किती वाईट असेन, याचा विचार तुम्हीच करा.

ती सहा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. तिच्या बापाने एक कपाट बनवून घेतलं होतं. लाकूड हलकं, पांढरट. त्यावर त्याने असा रंग आणि पॉलिश चढवलं की बघणारा सागवानच म्हणेल. एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या चष्मेवाल्या बाई ते बघायला येणार होत्या. त्या सकाळीही शेवटचा हात फिरवणं चालूच होतं. ताज्या रंगाचा नि थिनरचा वास आला तर बाईंना संशय येईल, म्हणून त्याने थिनरचा अर्धा भरलेला डबा, भिजलेले बोळे, फडकी असं सगळं घाईघाईने सामानाच्या खोलीत सरकवलं. डब्याचं झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं. एरवी हा डबा कारखान्यात, उघड्या खिडकीपाशी असायचा. त्याची जागा बदलल्याचं आजोबांना माहीत नव्हतं, कारण ते तेव्हा दाढी करत होते. तिच्या आईला माहीत नव्हतं, कारण ती चुलीपाशी होती.

बाई आल्या. त्यांनी कपाटावरून हात फिरवला आणि विचारलं, "सागाचंच ना?"

"म्हणजे काय, बाई! शंभर टक्के."

टकळी तिथेच उभी होती. ती पुढे झाली.

"बाबा, अरे सागाचं कुठे आहे? आतून पांढरं आहे ना ते! बाई, आम्ही रंग दिलाय त्याला. मी पण दिला. हा बघा माझा हात."

तिने तळवा पुढे केला. तो मनगटापर्यंत तपकिरी होता. बाईंना हसू आलं. "विचार करून कळवते," असं म्हणून त्या निघून गेल्या.

बापाच्या अंगाचा तिळपापड झाला. "जिभेला हाड म्हणून नाही या कार्टीच्या!" तो ओरडला. खोटं बोलला कोण आणि शिक्षा झाली कोणाला, बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याने तिला आत लोटलं, मला दाणकन लावलं, आणि "अर्धा तास तोंड बंद ठेवायला शीक!" असं म्हणून तो बाईंना गाठायला धावत रस्त्यावर गेला. आत काय ठेवलं आहे हे रागाच्या भरात तो साफ विसरला.

आत टकळी माझ्याशी बोलू लागली. "कडे, मी खरंच सांगितलं ना गं? पांढरंच आहे ते." मग ती बसायला स्टूल चाचपडू लागली. काहीतरी आडवं झाल्याचा आवाज आला.

"अगंबाई! माझा पाय ओला झाला. कडे, काहीतरी सांडलं."

थोड्या वेळाने तिने हाक मारली, "आजोबा, इथे घाण वास येतोय."

आजोबा खुर्चीत बसून एका पाटाची कड घासत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "येऊ दे."

"आजोबा, डोकं दुखतंय माझं."

"मागच्या वेळी पोट दुखत होतं. त्याच्या आधी उंदीर दिसला होता. निमित्तं सांगू नकोस."

मित्रांनो, आजोबा दुष्ट नव्हते. नातीवर त्यांचा जीव होता. पण चाळीस वर्षं थिनरमध्ये काढलेल्या नाकाला त्याचा वास येतच नाही. त्या घराला तोच वास होता. बाहेरचं कोणी त्या वेळी आत पाऊल टाकतं, तर नाक धरून विचारतं, हे काय सांडलंय? त्या घरातल्या कोणालाही ते जाणवलं नाही. मला सगळं कळत होतं. माझे आतले पाय त्या वाफेत होते.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. लेकीचा आवाज ऐकून तिचा हात माझ्यावर आला. ओला हात. मला वाटलं, सुटले मी.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "नियम नियम असतो. आज तू काढलीस की उद्या ती बापाला जुमानायची नाही. येईलच तो एवढ्यात."

"मामंजी, अर्धा तास होऊन गेला."

"मग अजून थोडा. त्याने काय होतंय?"

तिने हात काढून घेतला आणि ती परत आत गेली. तो हात गेला तेव्हा मला काय वाटलं, ते मी आजवर विसरलेली नाही. तिकडे बाप त्या बाईंच्या दारात उभा राहून त्यांची समजूत घालत होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

आतला आवाज जड होत गेला. शब्द एकमेकांत अडकू लागले. "कडे... झोप येतेय..." असं काहीतरी ती म्हणाली. मग दाराच्या खालच्या फटीपाशी अंग घासल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

"बघ," आजोबांनी स्वयंपाकघराकडे बघत आवाज दिला, "झाली की नाही शांत?"

आई दारात येऊन उभी राहिली. तिने दाराला कान लावला. हातातला झारा तसाच होता.

"ही गप्प कशी?"

"गप्प करायलाच तर कोंडलंय."

"मामंजी," ती म्हणाली, "माझी पोर झोपेतसुद्धा गप्प नसते."

आणि तिने मला काढलं. काढलं कसलं, उपसलं. माझं टोक वाकलेलं दिसतंय ना, ते त्या हिसक्याने.

टकळी दाराशीच पडली होती, गाल फटीला लावून. फटीतून येणाऱ्या हवेनेच ती जगली, असं डॉक्टर म्हणाले. आईने तिला उचललं आणि अनवाणी रस्त्यावर धाव घेतली. आजोबा आत गेले. आडवा पडलेला डबा त्यांनी पाहिला, आणि हातातला पॉलिशपेपर तसाच धरून ते जमिनीवर बसले. "हा इथे कोणी ठेवला?" असं त्यांनी विचारलं, पण घरात तेव्हा उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने बाप आला. दारातूनच हसत म्हणाला, "जमलं! बाई घेतायत कपाट!" मग त्याने उघडं दार बघितलं, आजोबांचं तोंड बघितलं. आजोबांनी नुसतं रस्त्याकडे बोट दाखवलं, आणि तो दवाखान्याकडे पळत सुटला.

टकळी दोन दिवसांनी घरी आली. त्याच संध्याकाळी आईने हातोडी आणि पकड घेतली, आतून माझ्या कड्याची टोकं सरळ केली आणि मला उपटून काढलं.

"दाराला भोक पडेल," आजोबा पुटपुटले.

"पडू दे."

तिने मला या डब्यात टाकलं. डबा कारखान्यातल्या फळीवर ठेवला गेला. तेव्हा मी खिळ्यांच्या वरच होते, म्हणून पुढचंही मला दिसलं. माझी बढाई तिथे संपली, आणि ते योग्यच झालं.

इथे गोष्ट संपली असती तर मी म्हटलं असतं, चला, थोडक्यात निभावलं. पोर वाचली, कडी गेली, सगळ्यांचे डोळे उघडले. बापाने तिला पुन्हा कधी शिक्षा केली नाही. तिच्यासाठी रंगीत खडू आणले, बाहुली आणली. पण टकळी बोलेना. डॉक्टरांनी जीभ पाहिली, कान पाहिले, सगळं ठीक होतं. विचारलं तर "हो" म्हणायची, "नाही" म्हणायची. स्टुलाशी बोलणं बंद, बोळ्याची अंघोळ बंद. बापाला अरेतुरे करणारी पोर त्याला "अहो बाबा" म्हणू लागली. गिऱ्हाईक आलं की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

आणि लोकांनी काय करावं? कौतुक केलं! शेजारची मावशी आली आणि म्हणाली, "किती गुणी झाली हो तुमची मुलगी! आधी कानाचे किडे झडायचे नुसते. आता हूं नाही की चूं नाही. आमच्या कार्ट्यांना शिकवा जरा असं वागायला." आई उठून आत गेली. आजोबांनी तोंड फिरवलं. टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

पावसाळा गेला, थंडी आली. एका दुपारी बाप काम करत होता. टकळी त्याच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली आणि पेला तिच्या हातून निसटला. काचेचे तुकडे झाले. बाप पटकन म्हणाला, "असू दे, असू दे गं! लागलं तर नाही ना?" आणि तो झाडू आणायला मागे गेला.

परत आला तर ती तिथे नव्हती. त्याने अंगणात पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, नावाने हाका मारल्या. मला वरून दिसलं होतं ती कुठे गेली ते. शेवटी त्याची नजर सामानाच्या खोलीकडे गेली. दार बंद होतं. बाहेर कडी नव्हती, नुसती दोन भोकं होती. त्याने दार उघडलं. ती आत अंधारात, पायांना मिठी मारून, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"अगं, इथे काय करतेस? कोणी कोंडलं तुला?"

"कोणी नाही."

"मग ये बाहेर."

"माझी शिक्षा व्हायचीय अजून," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती एवढं लांबलचक वाक्य बोलली होती. "तुम्ही जा, बाबा. तुमचं काम खोळंबेल."

तो उंबऱ्यातच बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं. आई धावत आली, ती त्याला ओलांडून आत गेली आणि लेकीला कुशीत घेऊन तिथेच बसली. ती तिला परत परत सांगत होती, "तुझं काही चुकलं नाही, राणी, काही चुकलं नाही." टकळी तिच्या खांद्यावर मान टाकून "हो" म्हणत होती. आई जे म्हणेल त्याला "हो". मी फळीवरच्या डब्यातून हे सगळं बघत होते. ती पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागली की नाही, हे मला सांगता येणार नाही. पुढे कारखाना दुसऱ्या जागी गेला, आणि हा डबा इथे विसरला गेला.

मित्रांनो, तुम्ही आज लहान आहात. उद्या मोठे व्हाल, तुमच्या घरात लहान मुलं येतील, ती आरसे फोडतील, नको तेव्हा नको ते खरं बोलतील. तेव्हा त्यांना रागवा, समजवा, फुटलेली काच त्यांच्याबरोबर बसून गोळा करा. पण त्यांच्यात आणि तुमच्यात दार येऊ देऊ नका. आणि आज, तुमच्या शेजारच्या एखाद्या बंद दाराआडून कुणाचा आवाज येत असेल आणि तो एकाएकी थांबला, तर हा नियम कोणाचा, कडी लावली कोणी, असलं काही विचारत बसू नका. मला सगळं ऐकू येत होतं, पण हात नव्हते. तुम्हाला आहेत. दार उघडा.